ऑक्सिजनच्या टाकीला तेलाचा हात लावू नका

घरी पेशंटला लावायला बहुधा बी टाइपची टाकी येते. आत १० लिटर पाणी मावेल एवढी जागा, भरून आली की दाबाचा काटा १५० किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) आसपास. अंग काळं आणि खांदा पांढरा असेल तरच उतरवून घ्या. खांदाही काळा असेल तर ती वेल्डिंगच्या कामाची. खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीखही बघा, पाच वर्षं उलटून गेलेली नको.

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्या सान्निध्यात बाकी सगळं भडकून पेटतं, आणि तेल सगळ्यांत आधी. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तर १५० किलो दाबाचा वायू रेग्युलेटरच्या (टाकीच्या तोंडावर बसणाऱ्या, दाब कमी करणाऱ्या भागाच्या) चिमूटभर पोकळीत आदळतो, दाबला जातो आणि क्षणात प्रचंड तापतो. तिथे बोटाने लागलेला तेलाचा ओशट थर असला की ठिणगीचीही गरज उरत नाही. म्हणून यंत्रमागावरून आलेल्या माणसाने त्याच हातांनी चावी धरायची नाही. हात साबणाने धुवा, कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसा. चावी घट्ट बसली म्हणून मशीनचं तेल सोडणं हा तर शुद्ध वेडेपणा.

टाकी उभी करून साखळीने किंवा पट्ट्याने पलंगाच्या पायाला बांधा. रेग्युलेटर लावायच्या आधी तोंड माणसांपासून दूर ठेवून व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडा आणि बंद करा, म्हणजे तोंडात बसलेली धूळ, सुताची तूस उडून जाते. वॉशर फाटलेला नाही ना ते बघून रेग्युलेटर बसवा. फ्लोमीटर (मिनिटाला किती लिटर वायू जातो ते गोळीने दाखवणारी नळी) बंद असू द्या आणि मग चावी अगदी हळू फिरवा, काटा सावकाश चढला पाहिजे. फुसफुस ऐकू आली तर आधी व्हॉल्व्ह बंद, मग आवळणं. दाब असताना आवळायचं नाही.

ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटलीत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी दोन रेघांच्या मधोमध, रोज बदलून. फ्लोमीटरची गोळी वर आहे पण बुडबुडे नाहीत, याचा अर्थ बहुतेक वेळा बाटलीचं झाकण तिरकं बसलंय. शंका आली तर नाकातल्या नळीची टोकं पेल्यातल्या पाण्यात बुडवून बघा.

फ्लो डॉक्टरांनी सांगितला तेवढाच. सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट दम्यासारख्या आजाराच्या) पेशंटला रक्तातला ऑक्सिजन सहसा ८८ ते ९२ टक्के असला तरी पुरतो. धाप लागली म्हणून घरच्यांनी परस्पर वाढवला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट गुंगीत जाऊ शकतो. नाक कोरडं पडलं तर खोबरेल किंवा व्हॅसलीन नाही, पाण्यात विरघळणारी जेली.

आता चादर. पेशंट बाथरूमला उठतो आणि चालू नळी पांघरुणावर टाकून जातो. जाड सुती सोलापुरी चादरीच्या घड्यांत ऑक्सिजन साचून राहतो, आणि मग विडीची एक ठिणगी पुरते. नळी काढली की फ्लो बंद, आणि चादर झटकून मोकळ्या हवेत. गॅसची शेगडी, निरंजन, उदबत्ती किमान १० फुटांवर. विडी मात्र त्या खोलीत नकोच, लांब बसूनही नाही.

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ वर जातो तेव्हा टाकी पत्र्याखाली किंवा गॅलरीच्या उन्हात ठेवू नका.

किती वेळ पुरेल? काट्यावरचा आकडा गुणिले १०, भागिले फ्लो, उत्तर मिनिटांत. १५० वर १,५०० लिटर, म्हणजे मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास. ५० वर जेमतेम चार तास. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं विजेचं यंत्र) वापरणाऱ्यांनी वीज गेल्यावर हाच हिशोब धरावा आणि दुसरी टाकी काटा ५० वर असतानाच मागवावी. बदलताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, गोळी खाली बसू द्या, मगच रेग्युलेटर सोडवा. टाकी पूर्ण रिकामी करू नका, थोडा दाब ठेवून व्हॉल्व्ह बंद करूनच परत द्या, नाहीतर आत बाहेरची दमट हवा शिरते.