माशांच्या खाद्यात हळद-लसूण घालताय? या चुका टाळा

हळद, लसूण, शेवगा, तुळस, कडुनिंब... शेततळ्यात मासे पाळणारे बरेच जण आता खाद्यात काही ना काही घालतात. त्यात वाईट काही नाही, पण महिन्याभराने "काय फरक नाय पडला" म्हणणाऱ्यांना किती घातलं आणि कसं घातलं विचारलं की उत्तर ठरलेलं, "टाकली की मूठभर". सगळा घोळ तिथेच आहे.

पण मुठीच्या आधी एक मोठी चूक. मासे आजारी पडले की मग लसूण आठवतो. आजारी मासा सगळ्यात आधी काय सोडतो तर खाणं, मग खाद्यातली हळद त्याच्या पोटात जाणार कशी? ती खातात शेजारचे धडधाकट मासे, आणि उरलेलं खाद्य तळाशी सडून पाण्यातला विषारी अमोनिया वाढवतं. अंगावर लाल जखमा, उभे राहिलेले खवले किंवा उवा दिसत असतील तर मासा आणि पाणी दोन्ही घेऊन मत्स्य विभागाच्या माणसाकडे किंवा लॅबमध्ये जा. वनस्पतींचा उपयोग आहे तो चांगल्या खाणाऱ्या माशाची तब्येत टिकवायला, तेही बीज (माशांची पिल्लं) सोडल्यानंतर किंवा थंडी-पावसाळा तोंडावर असताना, म्हणजे ताण यायच्या आधी.

आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर तो ऑक्सिजनचा प्रॉब्लेम आहे, तिथे कुठलाच पाला चालत नाही. खाद्य बंद करा, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा किंवा ताजं पाणी सोडा, बाकीचं नंतर बघू.

आता प्रमाण. हिशोब तळ्याच्या गुंठ्यावर करायचा नसतो, खाद्याच्या वजनावर करायचा असतो. समजा २०० ग्रॅमचे १००० मासे आहेत, म्हणजे २०० किलो वजन, त्याला रोज २ टक्के म्हणजे ४ किलो खाद्य. लसूण साधारण १ टक्क्यापर्यंत पुरतो, म्हणजे ४० ग्रॅम, आणि हळद पाव-अर्धा टक्का, म्हणजे १० ते २० ग्रॅम. बस्स एवढंच. जास्त घातलं की जास्त फायदा असं नाही, उलट वास आणि कडवटपणामुळे मासे खाद्य तोंडात घेऊन थुंकायला लागतात. तसं दिसलं की दोन दिवस साधं खाद्य द्या आणि मग निम्म्या प्रमाणाने परत सुरू करा. अजून एक गोंधळ म्हणजे ओला पाला आणि वाळलेली पावडर एकच समजणं. ताज्या पाल्यात बरंचसं पाणीच असतं, त्यामुळे कुठे १० ग्रॅम पावडर लिहिलेली असेल तर १० ग्रॅम ओला पाला म्हणजे काहीच नाही, आणि तिथे अर्क लिहिला असेल तर तो हिशोब पावडरीला अजिबात लावू नका.

लसणातलं कामाचं द्रव्य पाकळी ठेचल्यावर तयार होतं, म्हणून ठेचा, दहा मिनिटं तसाच ठेवा आणि मगच खाद्यात मिसळा. खाद्य शिजवत असाल तर लसूण शिजवताना नाही, गार झाल्यावर. हळदीतलं कामाचं द्रव्य कर्क्युमिन, ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, त्यामुळे हळद पाण्यात कालवून पेलेटवर (तयार खाद्याच्या गोळ्यांवर) शिंपडण्यात अर्थ नाही. किलोभर पेलेटला १०-२० मिली खाद्यतेल घ्या, त्यात हळद कालवा, पेलेटवर चोळा आणि अर्धा तास सावलीत पसरून ठेवा. उन्हात नको, उजेडाने कर्क्युमिन खराब होतं. खाद्य टाकल्यावर तिथलं पाणी पिवळं झालं तर समजा की हळद तळ्याला गेली, माशाला नाही. तेल लावलेलं खाद्य साठवून ठेवू नका, रोजच्या पुरतंच करा, पावसाळ्यात तर नक्कीच, कारण दमट खाद्याला बुरशी लागते आणि त्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष माशाचं लिव्हर खराब करतं. मग तुम्ही म्हणणार हळदीनेच मासे मेले.

भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड देणारे पावडर सरळ कोरड्या भुग्यात मिसळतात आणि ती तळ्यात जाताच धुऊन जाते. त्यापेक्षा गोळे करून द्या. आणि मिश्र तळं (वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र) असेल तर तरंगत्या पेलेटवर लावलेली हळद तळाशी चरणाऱ्या मृगळला किती मिळणार, याचाही विचार करा. त्याच्यासाठी काही गोळे बुडणारेच हवेत.

कडुनिंबाबद्दल मी जरा कडकच बोलतो. नैसर्गिक आहे म्हणजे कितीही चालतं असं बरेच जण धरून चालतात. बीज सोडायच्या आधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला हेक्टरी दोन-अडीच हजार किलो मोहाची पेंड टाकतात, तीही झाडाचीच की! तिच्यातलं सॅपोनिन हे साबणासारखं फेसाळणारं द्रव्य मासे मारतं. शेवग्याच्या पाल्यातही थोडं सॅपोनिन असतंच, म्हणून तोही बेतानेच. कडुनिंबाचा अर्क माशांना जास्त झाला तर बाधतो, आणि तळ्यात कोळंबी असेल तर त्याच्या वाटेलाच जाऊ नका, कारण कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन हे द्रव्य कोळंबीच्या कात टाकण्यात गडबड करतं.

बाजारातल्या 'हर्बल' पाकिटावर आत काय आहे, किती आहे हे लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. सुटी, फार चकचकीत पिवळी हळदही नको, रंगासाठी लेड क्रोमेटची (शिसं असलेल्या विषारी पिवळ्या रंगाची) भेसळ होते. हळकुंडं आणून दळून घेतलेली बरी. वर्षभर सलग काहीच देऊ नका, दोन-तीन आठवडे द्या आणि मध्ये गॅप ठेवा.

फरक पडतोय का हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. दोन तळी असतील तर एकात घाला, दुसऱ्यात साधं खाद्य, बाकी सगळं सारखं, आणि दर पंधरा दिवसांनी जाळं टाकून दोन्हीकडचे मासे वजन करून वहीत लिहा. दोन्ही तळ्यांत बीज वेगवेगळ्या साइझचं किंवा वेगळ्या महिन्यात सोडलेलं असेल तर ही तुलना करत बसू नका, त्यातून काहीच कळणार नाही.