शाळेत गोवराची साथ आल्यास लस किती उपयोगी पडली हे कसे मोजावे

गोवराची साथ आली की ‘आजारी पडलेल्या निम्म्याहून अधिक पोरांना लस दिलीच होती की, मग तिचा उपयोग काय?’ असा प्रश्न शाळेच्या फाटकाशी हमखास ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर मिळवायचे तर आजारी न पडलेली मुलेही मोजावी लागतात.

आधी रुग्ण कोणाला म्हणायचे ते ठरवावे. ताप व पुरळ, सोबत खोकला, सर्दी किंवा लाल डोळे, ही व्याख्या सर्व मुलांना सारखीच लावावी आणि काहींची रक्ततपासणी आरोग्य केंद्रामार्फत करून घ्यावी. मग हजेरीपटातल्या प्रत्येक नावापुढे लसीच्या तारखा लिहाव्यात. हे काम किचकट आहे, पण सगळे उत्तर त्यावरच उभे असते. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. तिची खात्री माता-बाल संरक्षण कार्डावरून किंवा आरोग्यसेविकेच्या नोंदवहीतून करावी. ‘दिली असेल बहुतेक’ एवढेच उत्तर मिळाले, तर त्या मुलांचा गट वेगळा ठेवावा. पूर्वी गोवर होऊन गेलेली आणि साथ सुरू झाल्यावर लस घेतलेली मुले या हिशेबातून वगळावीत.

समजा, ४०० मुलांपैकी ३६० जणांनी लस घेतली आहे आणि ४० जणांनी नाही. लस घेतलेल्यांपैकी ३६, म्हणजे १० टक्के, आणि न घेतलेल्यांपैकी २४, म्हणजे ६० टक्के मुले आजारी पडली. ६० मधून १० वजा करून उरलेल्या ५० ला ६० ने भागले की लसीची परिणामकारकता सुमारे ८३ टक्के येते. या शाळेतही ६० रुग्णांपैकी ३६ जण लस घेतलेलेच आहेत, कारण मुळात लस घेतलेली मुलेच नऊपट होती.

कोल्हापूर जिल्ह्यात एक बाब विशेष जपावी लागते. गळीत हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांची मुले जवळच्या शाळेत बसतात. त्यांचे कार्ड अनेकदा गावीच राहिलेले असते. त्यांना सरसकट ‘लस न घेतलेले’ धरले, तर लस प्रत्यक्षापेक्षा कमी उपयोगी दिसू शकते. उलट, कोपीतल्या, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीतल्या, दाटीमुळे त्यांना होणारी जादा लागण लसीचे श्रेय फुगवू शकते. म्हणून मूळ गावच्या आशाताईंकडून नोंद मागवावी आणि तुलना शक्यतो एकाच वर्गातल्या, एकाच वस्तीतल्या मुलांची करावी.

लस न घेतलेली मुले पाच-सहाच असतील, तर एका रुग्णानेही उत्तर बदलते. अशा वेळी आजूबाजूच्या शाळांची माहिती एकत्र करून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या पथकाकडे द्यावी. मोजणीसाठी कोणाचीही राहिलेली मात्रा मात्र अडवून ठेवू नये. ती लगेच द्यावी आणि तारीख यादीत नोंदवावी.