बालीची तयारी: आधी पंचांग, मग तिकीट

बालीला जाण्याच्या तयारीत पहिली नोंद विमानाच्या तिकिटाची नसावी, ती तारखेची असावी, आणि ती तारीख शाळेच्या सुट्टीवरून किंवा स्वस्त भाड्यावरून न ठरवता तिथल्या पंचांगावरून ठरवावी, असे माझे ठाम मत आहे. इंडोनेशियाचा हा प्रांत आकाराने सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडाच मोठा असला, तरी तिथे दोन कालगणना एकाच वेळी चालतात आणि त्या दोन्ही प्रवाशाचा कार्यक्रम बदलू शकतात. पहिली शक गणना, म्हणजे आपण गुढीपाडव्याला जे शके मोजतो तीच. दुसरी २१० दिवसांची पावुकोन, जिच्याशी आपल्या तिथी-महिन्यांचा काही संबंध नाही. एक सण पहिलीतून येतो, दुसरा दुसरीतून, आणि आपल्या मुक्कामात त्यांपैकी काय येते हे कळल्याशिवाय हॉटेल ठरवू नये.

शक वर्षाचा पहिला दिवस म्हणजे न्येपी. २०२६ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा दोन्ही १९ मार्चला, दोन्हीकडे शके १९४८. परंतु अधिक महिना धरण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने हे दरवर्षी जुळत नाही आणि २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होती तर पाडवा ९ एप्रिलला. म्हणून ‘पाडव्याच्या सुमारास’ असा अंदाज न बांधता त्या वर्षाची तारीख पाहूनच घ्यावी. आपल्याकडे नवे वर्ष गुढी आणि शोभायात्रेने सुरू होते, तिथे ते संपूर्ण शांततेने सुरू होते. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत विमानतळ बंद असतो, बंदरे बंद असतात, रस्त्यावर आणि समुद्रकिनाऱ्यावर कोणालाही फिरता येत नाही, मोबाइलवरील इंटरनेट बंद ठेवले जाते आणि पेचालांग म्हणजे गावाचे पारंपरिक रक्षक गस्त घालतात. अग्नी नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही, असे या दिवसाचे चार नियम आहेत आणि ते पर्यटकांनाही लागू आहेत. सूट फक्त वैद्यकीय आणीबाणीला.

या दिवशी बालीत राहायचे ठरवले (आणि आयुष्यात एकदा तरी राहावे), तर तयारी आदल्या दोन दिवसांत पुरी करावी. मोठ्या हॉटेलात जेवण मिळते, परंतु घरगुती निवासात काय मिळेल हे आधी विचारून पाणी, फळे आणि कोरडा खाऊ आणून ठेवावा, रोख रक्कम काढून ठेवावी, आणि लहान मुले बरोबर असतील तर खोलीऐवजी अंगण किंवा बाग असलेली जागा घ्यावी, कारण आवाराबाहेर पाऊल टाकता येणार नाही. रात्री दिवे मंद ठेवून पडदे ओढायचे असतात. आकाश निरभ्र असेल तर त्या अमावास्येच्या लगतच्या रात्री जेवढे तारे दिसतात तेवढे दक्षिण बालीत इतर कोणत्याही रात्री दिसत नाहीत. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह नावाच्या राक्षसांच्या प्रचंड प्रतिमा गावोगाव खांद्यावरून मिरवल्या जातात. त्या दिवशी दुपारनंतर रस्ते अडवले जात असल्याने मुक्काम मिरवणुकीपासून चालत जाण्याच्या अंतरावर हवा. त्याही आधी तीन-चार दिवस मेलास्तीच्या मिरवणुका देवतांची प्रतीके घेऊन शुद्धीकरणासाठी समुद्राकडे जातात. ज्यांना या शांततेत रस नाही, त्यांनी न्येपीच्या दिवसाचे येण्या-जाण्याचे तिकीट काढू नये, एवढीच त्यांची तयारी.

दुसऱ्या कालगणनेतील मोठा सण गालुंगान. तो दर २१० दिवसांनी आणि नेहमी बुधवारीच येतो: २०२६ मध्ये १७ जूनला, त्यानंतर १३ जानेवारी २०२७ ला. दहा दिवसांनी, शनिवारी, कुनिंगान. पितर या काळात घरी येतात अशी श्रद्धा आहे, आणि प्रत्येक घरासमोर पेंजोर, म्हणजे टोकाशी कमानीसारखा वाकलेला, नारळाच्या पानांनी सजवलेला उंच बांबू उभा राहतो. छायाचित्रांसाठी याहून चांगला काळ नाही, परंतु गैरसोयीची यादीही सोबत लिहून ठेवावी. हॉटेलातील आणि गाड्यांवरील बरीच माणसे आपापल्या गावी जातात, म्हणून चालक आठवडाभर आधी ठरवावा. सणाच्या आदल्या दिवशी घरोघरी डुक्कर कापले जाते आणि त्याचे पदार्थ सकाळपासून शिजत असतात. शाकाहारी कुटुंबाने हे माहीत असूनच त्या दिवशी गावातून फिरावे. सणाच्या दुसऱ्या दिवशी स्थानिक कुटुंबे सहलीला निघतात, तेव्हा प्रसिद्ध ठिकाणी जाण्याऐवजी मुक्कामाच्या गावातच फिरणे शहाणपणाचे ठरते.

याच २१० दिवसांच्या चक्रात सरस्वतीचा दिवस येतो (२०२६ मध्ये ४ एप्रिल आणि ३१ ऑक्टोबर), त्या दिवशी पुस्तकांची पूजा होते. आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी तुंपेक लांदेप, ज्या दिवशी शस्त्रे, अवजारे आणि आता मोटारी-दुचाक्यासुद्धा पुजल्या जातात. खंडेनवमीला गाडीला हार घालणाऱ्या मराठी माणसाला तिथे काही समजावून सांगावे लागत नाही. ज्यांना सणाच्या अडचणी नकोत पण कला पाहायच्या आहेत, त्यांच्यासाठी देनपसारमध्ये १९७९ पासून भरणारा बाली कला महोत्सव आहे. तो साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत चालतो आणि त्यात जिल्ह्याजिल्ह्यांची नृत्य-वाद्य पथके येतात. मंदिरांचे वर्धापन उत्सव वर्षभर कुठे ना कुठे चालू असतातच. त्यांची माहिती घरमालक किंवा चालक सर्वांत चांगली देतो.

तारखेनंतर हवामान. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिथला पावसाळा आपल्या उलट, साधारण नोव्हेंबर ते मार्च असा असतो, त्यामुळे आपल्या उन्हाळी सुट्टीत तिथे कोरडे दिवस मिळतात. जुलै-ऑगस्ट कोरडे पण गर्दीचे, जानेवारी-फेब्रुवारी हिरवे पण समुद्र खवळलेला. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने मी निवडेन.

कागदपत्रांचे काम लवकर उरकते. पासपोर्ट पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध असावा आणि परतीचे तिकीट हाताशी असावे. भारतीयांना तीस दिवसांचा व्हिसा विमानतळावर किंवा आधी ऑनलाइन मिळतो. त्याचे शुल्क ५ लाख रुपिया असून तो एकदा तीस दिवसांनी वाढवता येतो. फेब्रुवारी २०२४ पासून प्रांताने परदेशी पर्यटकांवर दीड लाख रुपियांची वेगळी आकारणी सुरू केली आहे, ती ‘लव्ह बाली’ या संकेतस्थळावर आधी भरून पावती मोबाइलमध्ये ठेवावी. आगमनाचा ऑनलाइन अर्जही निघण्यापूर्वी भरावा, आणि हे सारे केवळ सरकारी संकेतस्थळावरूनच, कारण त्यांच्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे जास्त पैसे घेतात. शुल्के बदलत राहतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा पाहावे. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. तिथल्या सॉकेटला दोन गोल पिना लागतात. मोबाइलचा साधा दोन पिनांचा चार्जर चालतो, तीन पिनांच्या उपकरणांना मात्र अडॅप्टर लागेल.

पैशांबाबत: रुपिया तिथेच घ्यावा, त्यासाठी डॉलरच्या नव्या, न दुमडलेल्या नोटा न्याव्यात आणि बँकेत किंवा अधिकृत परवानाधारकाकडेच बदलाव्यात. गल्लीतल्या टपरीवर दर आकर्षक दिसतो, आणि मोजताना चार नोटा काउंटरमागे पडतात. शून्ये इतकी असतात की पहिले दोन दिवस पन्नास हजार आणि पाच हजार यांत गोंधळ होतोच. मोठ्या आणि लहान नोटा पाकिटात वेगळ्या ठेवाव्यात.

मंदिरांची तयारी कपड्यांपासून सुरू होते, पण तिथे संपत नाही. प्रत्येकाने एक सारोंग आणि कमरेला बांधायची पट्टी, म्हणजे सेलेंदांग, बरोबर ठेवावी. मोठ्या मंदिरांत ती भाड्याने मिळतात, लहान गावांत मिळतील याची खात्री नसते. आपण हिंदू आहोत म्हणून आतल्या प्रांगणात प्रवेश मिळायलाच हवा असा आग्रह काही भारतीय पर्यटक धरतात, तो शोभत नाही. तिथली उपासना तिथल्या पद्धतीची आहे, आणि पूजेसाठी खरोखर जायचे असेल तर स्थानिक माणसाला बरोबर घेऊन, त्याच्यासारखा वेश करून जावे. मासिक पाळीत प्रवेश नसतो आणि घरात नुकताच मृत्यू झालेल्यांनीही जाऊ नये असा संकेत आहे; सोयर-सुतक पाळणाऱ्या घरांना हे परिचित वाटेल, न पाळणाऱ्यांना खटकेल, परंतु पाहुण्याने वाद घालण्याची ती जागा नव्हे. प्रार्थना करणाऱ्यांच्या समोरून चालू नये, पुजाऱ्यापेक्षा उंच जागी उभे राहू नये, पदपथावर ठेवलेल्या चानांग सारी या फुलांच्या नैवेद्यावर पाय देऊ नये. तांपाकसिरिंगच्या तीर्था एंपुलमध्ये, जिथला झरा दहाव्या शतकापासून पवित्र मानला जातो, स्नान करायचे असल्यास कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत न्यावेत. उलुवातूच्या मंदिरात सूर्यास्ताचे केचाक नृत्य पाहायला जाताना चष्मा, टोपी आणि मोबाइल सांभाळावा, तिथली माकडे ते हिसकावतात आणि खाण्याच्या मोबदल्यात परत करतात.

निसर्गासाठी जाणाऱ्याने कुटा-सेमिन्याकच्या किनाऱ्याला एका रात्रीहून अधिक देऊ नये, हे माझे मत वादग्रस्त ठरले तरी मी बदलणार नाही. उबुदजवळ एक आणि उत्तरेला किंवा पूर्वेला एक असे दोनच मुक्काम ठेवावेत; अंतरे नकाशावर छोटी दिसतात, परंतु विमानतळ ते उबुद या चाळीसेक किलोमीटरला दीड तास सहज लागतो. जटिलुविहची भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेती सुबाक या सामूहिक जलव्यवस्थेवर चालते, जिला २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतले. पाणी कोणत्या शेताला कधी द्यायचे हे जलमंदिरांभोवती जमणारे शेतकरी ठरवतात, म्हणूनच खाचरे हिरवी, पिवळी की नुकतीच कापलेली दिसतील हे लागवडीवर अवलंबून असते. ते मुक्कामाच्या ठिकाणी आधी विचारून दिवस ठरवावा.

बातूरचा ज्वालामुखी (१,७१७ मीटर) पहाटे चढतात, उबुदहून रात्री दोनच्या सुमारास निघावे लागते, आणि उष्ण कटिबंधातल्या सहलीच्या बॅगेत लोक हमखास विसरतात त्या दोन वस्तू, म्हणजे जाकीट आणि विजेरी, इथे लागतात. मातीची घसरण मोठी असल्याने चांगल्या पकडीचे बूट हवेत, सँडल नकोत. तीन हजार मीटरहून उंच आगुंग २०१७ पासून दोन वर्षे अधूनमधून उसळत होता. त्याचा त्या वेळचा इशारा-स्तर पाहावा, आणि त्याच्याच उतारावरील बेसाकीच्या मंदिरात मोठा विधी चालू असला की चढाई बंद असते हेही ध्यानात ठेवावे. पक्षी पाहणाऱ्यांनी पश्चिम बाली राष्ट्रीय उद्यानासाठी परवाना आणि वाटाड्या आधी ठरवावा. जंगलात जवळपास नामशेष झालेली पांढरीशुभ्र बाली मैना तिथे जपली गेली आहे, आणि जवळच्या मेंजांगान बेटाभोवती प्रवाळ उत्तम आहेत. तुलांबेनला किनाऱ्यावरूनच पोहत जाता येईल असे बुडालेले अमेरिकन जहाज आहे: १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने त्यावर मारा केला, ते किनाऱ्याला लावले गेले, आणि १९६३ च्या आगुंगच्या उद्रेकाने ते समुद्रात ढकलले. स्कूबा डायव्हिंगनंतर किमान अठरा तास, शक्यतो पूर्ण दिवस, विमानप्रवास टाळायचा असतो, आणि तोच नियम बातूरच्या चढाईला लावणे सुरक्षित. म्हणून आधी डोंगर, मग समुद्र असा क्रम ठेवावा. नुसा पेनिदा या बेटावर सानूरहून वेगवान बोट अर्ध्या-पाऊण तासात नेते, पण समुद्र खवळला तर ती रद्द होते, तेव्हा परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी पेनिदा ठेवू नये.

शाकाहाराची तयारी शब्दांची आहे. तोफू आणि तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) सर्वत्र मिळतात, भात तर मिळतोच, तरीही बहुतेक सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, तेरासी म्हणजे कोळंबीचा कुटलेला मसाला असतो आणि ताटाच्या कडेला ठेवलेले कुरकुरीत पापड बहुधा कोळंबीचेच असतात. ‘तान्पा तेरासी, तान्पा इकान, तान्पा तेलुर’ (तेरासी, मासे, अंडे नको) हे कागदावर लिहून ठेवावे आणि ऑर्डर देताना दाखवावे. ‘आयाम’ कोंबडी, ‘बाबी’ डुक्कर, ‘सापी’ गोमांस, हेही पाठ असावे. बंद पाकिटात मेतकूट नेले तर एखाद्या रात्रीची चिंता मिटते. नळाचे पाणी पिऊ नये, जलसंजीवनीची पाकिटे आणि डासांचे मलम ठेवावे, आणि स्वस्त, बाटलीबंद नसलेली आराक ही स्थानिक दारू पिऊ नये, कारण मिथेनॉलने विषबाधा होऊन पर्यटक मेले आहेत. २००८ पासून बेटावर रेबीज आहे. कुत्रा किंवा माकड चावल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी, आणि म्हणून लहान मुलांना माकडांना खायला देऊ देऊ नये.

भाड्याची स्कूटर तिथे सहज मिळते आणि वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असल्याने आत्मविश्वास वाढतो. ती घ्यायचीच असेल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथल्या आरटीओतून आधी काढावा आणि त्यावर दुचाकीची नोंद आहे का हे तपासावे, कारण नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. कुटुंबासाठी दिवसभराची गाडी चालकासह घेणे अधिक शहाणपणाचे. सण कुठे चालू आहे ते चालक सांगतो, आणि मिरवणुकीमुळे रस्ता बंद असेल तर गाडी कुठे उभी करायची हेही त्याला ठाऊक असते.