गळका ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बदलायला घेण्याआधी

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह म्हणजे टर्बोच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की टर्बोने दाबलेली हवा सोडून देणारी झडप. ती बदलायची तर सगळ्यात आधी ओ-रिंग, म्हणजे जोडातून हवा गळू न देणारी गोल रबरी कडी. नवा व्हॉल्व्ह मागवताना त्याच्या बुडाशी बसणारी ओ-रिंग सोबत येते का, ते विक्रेत्याला स्पष्ट विचारा. येत नसेल तर त्याच ऑर्डरमध्ये वेगळी मागवा, येत असेल तरी एक जास्तीची घ्या. मागच्या खेपेला माझ्या यादीत बाकी सगळं होतं, फक्त ही नव्हती. जुनी, दबून चपटी झालेली रिंग परत लावली आणि कोरा व्हॉल्व्ह जुन्यासारखाच गळत राहिला.

आता गळतोय तो व्हॉल्व्हच का, याची खात्री करून घ्या. पिकअप गेलाय, पाय दाबला की फुसफुस ऐकू येते, स्कॅनरवर पी०२९९ हा एररचा कोड दिसतोय, एवढ्यावर पैसे घालवू नका. तो कोड फक्त बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, कमी पडतोय एवढंच सांगतो. फाटलेला होज, इंटरकूलरची (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीची) सैल क्लिप, वेस्टगेट (टर्बोचा वेग आवरणारी झडप), काहीही असू शकतं. स्मोक टेस्ट, म्हणजे हवेच्या वाटेत धूर सोडून गळती शोधणं, करून घ्या, पण तिची मर्यादा ओळखून. हवा परत इनटेकमध्येच सोडणारा व्हॉल्व्ह आतल्या आत गळतो, त्यामुळे धूर बाहेर कुठेच दिसत नाही. होज आणि जोड स्वच्छ निघाले की मग संशय व्हॉल्व्हवर घ्यायचा आणि तो काढून आतला रबरी पडदा फाटलाय का ते डोळ्यांनी बघायचं. व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर हातपंपाने व्हॅक्यूम देऊन बघा. पंपाचा काटा टिकला नाही तर पडदा गेला. आणखी एक: इंजिन बंद ठेवून चावी फिरवल्यावर मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) पुण्यात ९५ किलोपास्कलच्या आसपास दाखवतो. १०१ दिसत नाही म्हणून सेन्सर बदलायला धावू नका. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर राहतो.

कुठला घ्यायचा? हवा बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा आवाज ऐकून मोह होतो, मान्य. पण गाडीत मास एअर फ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) असेल तर ती हवा आधीच मोजलेली असते. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या मापाने पेट्रोल सोडतो, हवा मात्र निघून गेलेली असते. मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं, गिअर बदलताना गाडी अडखळते, प्लग काळे पडतात. सिंहगड रोडच्या गर्दीत दर मिनिटाला गिअर बदलायचा असतो, तिथे हा त्रास नको. हवा इनटेकमध्ये परत देणाराच घ्या, जमल्यास रबरी पडद्याऐवजी पिस्टनचा. स्प्रिंग गाडीच्या बूस्टला साजेशी हवी: फार मऊ असेल तर दाबाखाली गळते, फार कडक असेल तर पाय उचलल्यावर उघडत नाही आणि हवेचा दणका उलटा टर्बोच्या पात्यांवर बसतो. डिझेलवाल्यांनी या फंदात पडू नये. पाय उचलताच हवेची वाट बंद करणारा थ्रॉटल त्या इंजिनांत नसतो.

पुन्हा ओ-रिंग. नाना पेठेत स्पेअर पार्टची इतकी दुकानं आहेत, ऐन वेळी मिळून जाईल, असं म्हणू नका. नेमक्या मापाची मिळेलच असं नाही, आणि हार्डवेअरच्या दुकानातली साधी रबरी रिंग इथे चालत नाही. टर्बोची उष्णता आणि तेलाची वाफ सोसणारी, व्हायटॉन नावाच्या खास रबराचीच हवी. गाडी उघडण्याआधी रिंग हातात घेऊन बघा. हातात नसेल तर बोनेट उघडू नका.

हत्यारं नेहमीचीच. एलन की मात्र चांगल्या प्रतीच्या घ्या. बोल्ट बऱ्याचदा खालच्या बाजूला, अडचणीत असतात आणि घासलेल्या कीने डोकं गोल झालं की दिवस गेला. बोल्ट पडला तर काढायला मॅग्नेटची काडी. खालून काम असेल तर जॅकस्टँड, आणि जागा सपाट. सोसायटीच्या उतारावर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली अजिबात जायचं नाही. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. व्हॉल्व्ह काढल्यावर उघड्या पडलेल्या तोंडावर मोठं, रंगीत, स्वच्छ फडकं ठेवा, म्हणजे ते काढायचं विसरणार नाही. टर्बोच्या आतली चक्री मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, आत खडा गेला तरी टर्बो संपला.

बसवताना जुनी रिंग खाचेत चिकटून राहिलेली नाही ना, ते बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तरी गळतंच. खाच पुसा, नव्या रिंगला इंजिन ऑइलचा हलका हात लावा, व्हॉल्व्ह सरळ टेकवा. रिंग चिमटली नाही ना, पुन्हा बघा. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कइतकेच (आवळायच्या जोराइतकेच). खाली ॲल्युमिनियम आहे, आटे जातात. व्हॅक्यूमचा होज थ्रॉटलनंतरच्या, इंजिनाकडच्या बाजूने, इनटेक मॅनिफोल्डवरून थेट आणा. त्यात बूस्ट गेजची शाखा काढू नका.

फडकं काढा. कनेक्टर लावा, कोड पुसा. बोपदेव घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढा, बूस्ट बघायला स्कॅनर शेजारी बसलेल्याकडे द्या. इंजिन दोन-चार वेळा तापून गार झालं की होजच्या क्लिपा परत एकदा आवळा.