कोल्हापूर ते नागपूर: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्सप्रेस मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ असा वळसा घेत नागपूर गाठते आणि त्यात हजाराहून अधिक किलोमीटर धावते. विमानाचे अंतर याहून पुष्कळ कमी आहे. ते काढण्यासाठी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ १६ अंश ४० मिनिटे उत्तर, ७४ अंश १७ मिनिटे पूर्व येथे आहे. नागपूरचा सोनेगाव विमानतळ २१ अंश ६ मिनिटे उत्तर, ७९ अंश ३ मिनिटे पूर्व येथे. आकडेमोडीपूर्वी मिनिटांना ६० ने भागून त्यांचे दशांश करावेत. १६ अंश ४० मिनिटे म्हणजे १६.६७, १६.४० नव्हे; उत्तर चुकते ते बहुधा इथेच. अक्षांशांतील फरक ४.४३ अंश येतो आणि एका अंशाला १११ किलोमीटर धरल्यास तो ४९२ किलोमीटर होतो. रेखांश उत्तरेकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून त्यांतील ४.७७ अंशांच्या फरकाला १११ ने गुणल्यावर मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे सुमारे १८.९ अंशांच्या, कोसाइनने (०.९४६) पुन्हा गुणावे; उत्तर ५०१ किलोमीटर. या दोन संख्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे ७०२ किलोमीटर, म्हणजेच ३७९ सागरी मैल येते. नकाशावर पट्टी ठेवली, तर ही रेषा पंढरपूर, परळी, यवतमाळ आणि वर्धा यांच्या जवळून जाते. प्रत्यक्ष विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जात असल्याने त्याचे अंतर थोडे वाढते.

वेळेचा हिशेब मात्र नुसत्या भागाकाराने करू नये. एटीआर-७२ हे पंख्याचे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जाते, त्यामुळे त्याला ८४ मिनिटे लागतील. ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या जेटला ५३. पण विमान हा वेग उंची गाठल्यावरच धरते. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरण्यासाठी वळण घेणे आणि पुन्हा जागेवर येऊन थांबणे यांसाठी २५ ते ३० मिनिटे वेगळी धरावीत. म्हणजे एटीआरला सुमारे एक तास पन्नास मिनिटे आणि जेटला एक तास वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. वेळापत्रकातील निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा विमान जागेवरून हलण्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतच्या असतात, त्यामुळे तुलना या बेरजेशीच करावी.

वाराही हिशेबात घ्यावा. हिवाळ्यात वरच्या थरांत पश्चिमेचे वारे वाहतात, त्यामुळे नागपूरला जाताना त्यांची मदत होते आणि परतताना अडथळा. ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर एटीआरचा जमिनीवरून मोजलेला वेग ४६० वर येतो आणि ८४ मिनिटांची सुमारे ९२ मिनिटे होतात. पुढे दुसरे विमान पकडायचे असल्यास वेळ परतीच्या या मोठ्या आकड्यावरूनच धरावी.