मार्चअखेरची क्वेरी चालवण्याआधी

२०२४-२५ या आर्थिक वर्षाची सगळी बिलं काढायची आहेत: १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, दोन ओळींची आहे, पण आधी टेबलची व्याख्या उघडा आणि तारखेचा कॉलम कोणत्या प्रकारचा आहे ते बघा. नावावर जाऊ नका. ‘बिल_तारीख’ म्हणवणाऱ्या कॉलममध्ये सेकंदापर्यंतची वेळ सर्रास सापडते, आणि ओरॅकल या डेटाबेसच्या ‘डेट’ प्रकारात तर ती असतेच. मायएसक्यूएलचा ‘डेटटाइम’ जे लिहाल ते जसंच्या तसं ठेवतो. ‘टाइमस्टॅम्प’ मात्र यूटीसीत (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) साठवतो आणि दाखवताना सेशनच्या, म्हणजे चालू जोडणीच्या, टाइमझोनप्रमाणे बदलून देतो. पोस्टग्रेसच्या ‘टाइमस्टॅम्पटीझेड’चंही तेच, नावात झोन असला तरी साठतो फक्त क्षण. एसक्यूलाइटमध्ये तारखेचा वेगळा प्रकारच नाही. तिथे मजकूर साठवलेला असेल तर तुलना अक्षराक्षराने होते. म्हणून काही नोंदींत तारीख-वेळेच्या मध्ये मोकळी जागा आणि काहींत इंग्रजी ‘टी’ अशी खिचडी झालेली नाही ना, ते पाहून घ्या. झाली असेल तर त्याच दिवसाच्या वेळा एकमेकींशी चुकीच्या तोलल्या जातात.

मग ठरवायचं ते हे की साठवलेली मध्यरात्र कुणाची, आपली की यूटीसीची. एक छापील बिल शोधा. त्यावर रात्रीचे ११:४५ असतील आणि टेबलमध्ये त्याच बिलापुढे १८:१५ दिसत असेल, तर उत्तर मिळालं. अशा वेळी वर्षाच्या हद्दी कागदावर साडेपाच तास मागे नेऊन लिहा: सुरुवात ३१ मार्च २०२४, १८:३० आणि शेवट ३१ मार्च २०२५, १८:३०. हे न करता १ एप्रिल २०२४ अशी तारीख घातली, तर त्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची बिलं मागल्या वर्षात जाऊन बसतात. दिवसा चालणाऱ्या दुकानाला ते कळणारही नाही, चोवीस तास चालणाऱ्या पेट्रोल पंपाच्या ताळेबंदात मात्र लगेच दिसतं. कॉलम झोन सांभाळणारा असेल तर ही वजाबाकी हाताने करू नका. सेशनचा झोन ‘एशिया/कोलकाता’ ठेवा आणि हद्दी भारतीय वेळेत द्या. दोन्ही केलंत तर साडेपाच तास दोनदा वजा होतात.

झोनचं नाव पूर्णच लिहा. पोस्टग्रेसचं सेशन यूटीसीवर असताना नुसतं ‘आयएसटी’ लिहिलं तर मूळ सेटिंगप्रमाणे ते इस्रायलची वेळ धरतं. ‘यूटीसी+५:३०’ लिहिलं तर उलट दिशेला सरकतं, कारण तिथे युनिक्सच्या पॉझिक्स मानकाची रीत चालते आणि अधिक म्हणजे पश्चिम. मायएसक्यूएलमध्ये टाइमझोनची टेबलं भरलेली नसतील तर झोनचं नाव घेऊन केलेलं ‘कन्व्हर्ट_टीझेड’ गुपचूप नल, म्हणजे रिकामी किंमत, देतं. एरर येत नाही, फक्त अहवाल रिकामा निघतो. ‘+०५:३०’ हा आकडा तिथे कधीही चालतो.

आता हद्दी क्वेरीत घालताना. ‘बिटवीन’ दोन्ही टोकं धरतं, म्हणून लोकांना ते सोयीचं वाटतं. पण वेळ असलेल्या कॉलमवर शेवट ‘२०२५-०३-३१’ लिहिलात तर त्याचा अर्थ त्या दिवसाचे ००:००. म्हणजे वर्षातला बहुधा सगळ्यात गर्दीचा दिवस जवळजवळ पूर्ण गळतो. त्यावर उपाय म्हणून २३:५९:५९ लिहिलं की शेवटच्या सेकंदातले अंश सुटतात. आणखी बारीक जाऊन एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या ‘डेटटाइम’वर २३:५९:५९.९९९ लिहिलं, तर तो प्रकार मिलिसेकंदाचा शेवटचा आकडा ०, ३ किंवा ७ च ठेवत असल्याने किंमत १ एप्रिलच्या ००:०० ला जाऊन टेकते आणि नव्या वर्षाचं बिल आत येतं. हे टोक घासत बसण्यापेक्षा खालच्या हद्दीला >= आणि वरच्या हद्दीला, म्हणजे पुढच्या वर्षाच्या पहिल्या क्षणाला, < लावा. कॉलमची अचूकता उद्या बदलली तरी ही अट बदलावी लागत नाही.

तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने द्या. ०४/०३/२०२५ हे ४ मार्च की ३ एप्रिल, ते सर्व्हरच्या सेटिंगवर ठरतं. एसक्यूएल सर्व्हरच्या ‘डेटटाइम’ला भाषा ब्रिटिश असताना ‘२०२५-०४-०१’ सुद्धा ४ जानेवारी वाटते, तिथे ‘२०२५०४०१’ असं सलग लिहा.

कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळू नका. ‘इयर(बिल_वेळ)’ लिहिलं की प्रत्येक ओळीचं वर्ष काढावं लागतं आणि त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स, म्हणजे ओळी लवकर सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची, पडून राहतो. गणित करायचं ते हद्दीवर करा. शाखावार अहवाल असेल तर इंडेक्समध्ये आधी शाखा, मग वेळ. क्वेरी कशी चालेल ते दाखवणारं ‘एक्सप्लेन’ चालवून पाहा, मात्र टेबलमध्ये दीडदोन वर्षांचाच डेटा असेल आणि त्यातलं अख्खं वर्ष मागितलं असेल, तर प्लॅनरने (ती पद्धत ठरवणाऱ्या डेटाबेसच्या भागाने) पूर्ण टेबल वाचायचं ठरवणं योग्यच आहे. तिथे इंडेक्ससाठी हट्ट धरू नका.

शेवटी चाचणीच्या टेबलमध्ये चार ओळी घाला, भारतीय वेळेत: ३१ मार्च २०२४ रात्री ११:५९:५९, १ एप्रिल २०२४ ला ००:००:००, ३१ मार्च २०२५ रात्री ११:५९:५९.९ आणि १ एप्रिल २०२५ ला ००:००:००. मधल्या दोनच यायला हव्यात. जोडीला वेळ नल असलेली एक पाचवी ओळ घाला. ती कोणत्याही वर्षाच्या अहवालात येणार नाही, म्हणून खऱ्या टेबलमध्ये अशी किती बिलं आहेत याची मोजणी वेगळी करा आणि तो आकडा अहवालासोबत हिशेबनिसाला द्या.