कंबर किती वाकते, टेपने मोजा
हात जमिनीला टेकले म्हणजे कंबर मोकळी, असं समजून पेशंट मला ऐटीत वाकून दाखवतात. बऱ्याचदा ते वाकणं खुब्यातलं असतं. कंबर फळीसारखी ताठच.

खरं काय ते बघायला शिवणकामाची टेप, पेन आणि घरातलं एक माणूस पुरे. सरळ उभं राहा. कंबरेखाली दोन बाजूंना खळगे दिसतात, ते जोडणारी रेघ काढा. मधोमध, रेघेच्या वर १० सेंटिमीटरवर एक खूण, खाली ५ वर दुसरी. आता गुडघे न मोडता सावकाश वाका आणि वाकलेले असतानाच त्या माणसाला अंतर मोजू द्या. तरुण माणसात १५ चे साधारण २० व्हायला हवेत. तेवढे झाले, तरी हात गुडघ्यांखाली जाईनात? मग मांडीमागचे स्नायू आखडलेत, कंबरेला दोष देऊ नका.

वाकताना आधी कंबरेचे पाच मणके पुढे झुकतात, मागोमाग खुबे. उठताना आधी खुबे. मणक्यालगत दोन्ही बाजूंना बोटं ठेवून वाका. सुरुवातीला स्नायू टणक लागतात, पार खाली गेल्यावर बहुतेकांचे चक्क मऊ पडतात. तिथे भार हाडं जोडणारे अस्थिबंध आणि मणक्यांमधल्या गाद्या पेलतात. म्हणून खुरपणीला तासभर ओणवं राहिल्यावर लगेच भारा उचलायचा नाही. उभं राहायचं, चार पावलं चालायचं, मग उचलायचा.

मागे वाकताना तळवे कंबरेवर, गुडघे सरळ. गुडघे मोडले की माणूस नुसता कलतो. मागे वाव कमीच. मणक्यांचे मागचे सांधे एकमेकांवर दाबले जातात, नसा बाहेर पडायची वाट अरुंद होते. चालताना पायात मुंग्या येतात, पण सायकलवर रेलून ती ढकलत नेताना बरं वाटतं, अशा आजोबांनी मागे वाकायचा व्यायाम परस्पर सुरू करू नये.

उठल्याउठल्या मोजू नका. रात्रभर पाणी धरून गाद्या फुगलेल्या असतात, तासाभराने मोजा. पायात ताकद वाटेना किंवा लघवीवर ताबा राहिना, तर टेप ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि पंचविशीतल्या मुलाची कंबर रोज पहाटे आखडत असेल, हालचाल केल्यावर सुटत असेल आणि टेपवरचं अंतरही वाढत नसेल, तर मालिशवाल्याकडे नाही, संधिवाताच्या डॉक्टरांकडे न्या.